थायलंड : वर्षाच्या बोलीवरचा रहिवास

थायलंडमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या पाश्चात्त्य परदेशी माणसांची एक तक्रार ठरलेली असते. वीस वर्षे झाली, बायको थाई, मुले थाई शाळेत शिकलेली, भाषा बऱ्यापैकी येते, गल्लीतला फळवाला नावाने हाक मारतो. तरीही आपण इथले होत नाही, शेवटपर्यंत ‘फरंग’च, म्हणजे गोरा परकाच, राहतो. लोक हसून बोलतात, अडीअडचणीला धावून येतात, लग्नाला आणि मुलाच्या भिक्षुदीक्षेच्या समारंभाला आवर्जून बोलावतात, पण आपल्यात धरत नाहीत. या अनुभवावरून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात की थाई माणसाचा स्वभावच असा आहे, वरून गोड आणि आतून बंद. तक्रारीत तथ्य आहे, पण निदान चुकले आहे असे मला वाटते. थाई समाजाने परक्यांना पचवल्याचे दाखले आशियात क्वचितच कुठे सापडतील इतके ठळक आहेत. बंद आहे ते थाई राज्याचे दफ्तर, आणि त्या बंद दफ्तराची सर्वांत कमी झळ ज्यांना बसते तेच याविषयी सर्वांत मोठ्याने बोलतात.

दफ्तराचा मासला पाहण्यासारखा आहे. थाई स्त्रीशी विवाह केलेल्या परदेशी पुरुषाला पत्नीच्या आधारावर जो राहण्याचा परवाना मिळतो, तो एक वर्षाचा असतो आणि दरवर्षी नव्याने मागावा लागतो. त्यासाठी बँकेत 4 लाख बाट शिल्लक किंवा दरमहा 40,000 बाटचे उत्पन्न दाखवावे लागते. पासपोर्टच्या प्रत्येक पानाच्या छायाप्रतीवर सही, घरापर्यंत कसे यायचे याचा नकाशा, आणि पतिपत्नीचे फोटो : एक घराच्या क्रमांकाच्या पाटीपाशी उभे राहून, एक घरात बसून. लग्नाला दोन तपे उलटलेले जोडपे आजही दरवर्षी घराच्या फाटकाशी असे फोटोसाठी उभे राहते. त्याशिवाय 1979 च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे सलग मुक्काम असणाऱ्या परदेशी माणसाने दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो, आणि तो ज्या घरी उतरेल त्या घराच्या मालकाने 24 तासांत तशी वर्दी द्यायची असते. निवृत्तीच्या परवान्यासाठी वय 50 च्या पुढे आणि बँकेत 8 लाख बाट, किंवा दरमहा 65,000 बाटचे उत्पन्न, ही अट आहे, तोही वर्षाचाच.

जमिनीचे तर विचारायलाच नको. 1954 च्या जमीन संहितेमुळे परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. 1979 च्या कायद्याने त्याला बहुमजली इमारतीतली सदनिका घेता येते, पण इमारतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. पत्नीच्या नावावर जमीन घेताना परदेशी नवऱ्याला जमीन कार्यालयात लिहून द्यावे लागते की यातला पैसा केवळ तिचा आहे, आपला यात हक्क नाही. बांधलेल्या घरात म्हातारपण काढायचे ठरवलेल्या माणसाने खरेदीच्या दिवशीच त्या घराखालच्या जमिनीवरचा दावा सोडून द्यायचा, अशी ही रचना आहे.

आता या रचनेचा समाजाच्या वागणुकीवर काय परिणाम होतो ते पाहावे. ज्याचा मुक्काम कायद्याने वर्षाच्या बोलीवर आहे, त्याला शेजारीपाजारी पाहुणा समजून वागवतात यात त्यांचे काही चुकत नाही. त्याला मत नाही, जमीन नाही, गावच्या कारभारात आवाज नाही. बिनमोबदला केलेल्या कामालाही परवाना लागू शकत असल्याने गावच्या कार्यात हात घालतानाही तो दोनदा विचार करतो. वादाच्या विषयावर तो गप्प बसतो, कारण बोलून काय होते हे त्याला दिसलेले असते. पॉल चेंबर्स हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सुमारे तीन दशके थायलंडशी जोडलेले आणि फित्सानुलोकच्या नरेसुआन विद्यापीठात शिकवणारे. 2025 च्या एप्रिलमध्ये लष्कराच्या तक्रारीवरून त्यांना राजघराण्याच्या अवमानाच्या कलमाखाली अटक झाली आणि त्यांचा व्हिसा रद्द झाला. पुढच्याच महिन्यात सरकारी वकिलांनी खटला न चालवण्याचे ठरवले, पण तोवर त्यांचा तिथला संसार संपला होता. ते देश सोडून गेले. हेच कलम थाई नागरिकांनाही लागते आणि त्यांना त्याची कितीतरी जबर किंमत मोजावी लागते हे खरेच. पण नागरिकाला तुरुंगात टाकता येते, घालवून देता येत नाही. परक्याच्या बाबतीत राज्याच्या हातात हा दुसरा दोर कायम असतो आणि तो दोर जाणवत असताना माणूस कुठल्याही समाजात पूर्णपणे मिसळत नाही.

हे दफ्तर असे का झाले याला इतिहास आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ब्रिटनशी झालेल्या 1855 च्या बाउरिंग करारानंतर सयाममध्ये, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमध्ये, ब्रिटिश प्रजाजनांना देशाचा कायदा लागू होईना. त्यांचा न्याय त्यांचा वाणिज्यदूत करी. पाठोपाठ इतर सत्तांनी तेच पदरात पाडून घेतले. पुढे 1893, 1907 आणि 1909 मध्ये लाओस, कंबोडिया आणि मलाया या बाजूंचे प्रदेश फ्रेंच आणि ब्रिटिशांना द्यावे लागले. देश वसाहत झाला नाही, पण आपल्याच भूमीवर परका आपल्या कायद्याच्या वर असतो म्हणजे काय, याचा अनुभव त्याने पाऊण शतकाहून अधिक काळ घेतला. परक्याला जमीन द्यायची नाही हा हट्ट तिथून येतो, आणि तो अजून किती ताजा आहे हे 2022 मध्ये दिसले. 4 कोटी बाट गुंतवणाऱ्या परदेशी माणसाला एक राय, म्हणजे 1600 चौरस मीटर, जमीन घेऊ देण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाने ऑक्टोबरमध्ये तत्त्वतः मान्य केला आणि ओरड होताच नोव्हेंबरमध्ये मागे घेतला. 2024 मध्ये फुकेटच्या यामू किनाऱ्यावर एका परदेशी रहिवाशाने पायऱ्यांवर बसलेल्या थाई डॉक्टर तरुणीला लाथ मारल्याचा आरोप झाला, तेव्हा शेकडो लोक ‘किनारा परत द्या’ म्हणत तिथे जमले. त्या पायऱ्या सार्वजनिक जागेत असल्याचे पुढे निष्पन्न झाले. मोरजीच्या किनाऱ्यावर परदेशी लोकांनी जमिनी घेतल्याचे प्रकरण गोव्यात किती गाजले होते हे आठवणाऱ्यांना त्या लोकांचा राग समजावून सांगावा लागणार नाही. आणि आपले घर काचेचे आहे हेही विसरू नये. भारतात नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाने सर्वसाधारणपणे 12 वर्षांचे वास्तव्य दाखवायचे असते.

पाश्चात्त्यांच्या तक्रारींत दुहेरी दराचे प्रकरण मात्र उगाच मोठे करून सांगितले जाते. खाओ याई राष्ट्रीय उद्यानात थाई माणसाला 40 बाट आणि परदेशी माणसाला 400 बाट. फलकावर परदेशी दर नेहमीच्या आंतरराष्ट्रीय अंकांत असतो, तर थाई दर पुष्कळदा थाई अंकांत, म्हणजे ज्याला तो वाचता येत नाही त्याला फरक कळूच नये. लपवाछपवी आहे, आणि ती ओशाळवाणी आहे. पण आपल्या अजिंठ्याच्या तिकीट खिडकीवर भारतीयाला 40 रुपये आणि परदेशी माणसाला 600 रुपये पडतात. गंमत अशी की सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना तिथे भारतीय दर लागतो. बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या संघटनेची स्थापना 1997 मध्ये बँकॉकमध्ये झाली आणि थायलंड तिचा सभासद आहे. म्हणजे थाई भाविक अजिंठा 40 रुपयांत पाहतो आणि अजिंठ्याच्या गावचा माणूस खाओ याईला 400 बाट मोजतो. याबद्दल आपल्याकडून कधी ओरड झाल्याचे ऐकिवात नाही, आणि ते ठीकच आहे.

थाई समाज परक्याला आपल्यात घेत नाही या म्हणण्याला खरे उत्तर बँकॉकच्या चिनी लोकांनी दिलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बँकॉकमधला व्यापार, गिरण्या आणि गोदीतली मजुरी बहुतांशी चिन्यांच्या हाती होती, आणि त्यांच्याविषयीचा आकसही तितकाच होता. 1914 मध्ये खुद्द राजा वजिरावुधने टोपणनावाने लेख लिहून त्यांना ‘पूर्वेकडचे ज्यू’ म्हटले. लष्करशहा फिबुनच्या राजवटीत 1938 नंतर चिनी शाळा आणि वृत्तपत्रे बंद पडली, कित्येक धंदे थाई लोकांसाठी राखून ठेवले गेले. आज त्याच चिनी घराण्यांतली माणसे बँका चालवतात, पक्ष काढतात आणि पंतप्रधान होतात. माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रा यांचे घराणे मूळ हक्का चिनी. शिनावात्रा हे आडनाव त्यांनी 1938 मध्ये घेतले. (थाई कायद्याप्रमाणे एका कुटुंबाचे आडनाव दुसऱ्याला घेता येत नाही, त्यामुळे उशिरा आलेल्यांना लांबलचक आडनावे जुळवावी लागली, बँकॉकमध्ये आडनाव जितके लांब तितके घराणे उशिरा थाई झालेले, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.) यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, चिन्यांच्या मुलांना जन्माने थाई नागरिकत्व मिळत होते; 1913 च्या नागरिकत्व कायद्याने ती वाट मोकळी ठेवली होती. दुसरी, या सामावण्याची किंमत त्यांनी भाषा, नाव आणि शाळा देऊन चुकवली. ही किंमत मला रास्त वाटत नाही. शाळा बंद करून मिळवलेली एकरूपता फुशारकी मारण्याजोगी नसते. पण कायद्याने दार उघडले की थाई समाज दोन-तीन पिढ्यांत परक्याला घरचा करून टाकतो, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

एखाददुसऱ्या माणसाला तर पिढीचीही वाट पाहावी लागलेली नाही. कोर्रादो फेरोची हा इटालियन शिल्पकार 1923 मध्ये सयाम सरकारच्या नोकरीत आला, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत 1944 मध्ये शिल्प भीरासी या नावाने थाई नागरिक झाला, आणि त्याने उभारलेल्या कलाशाळेतून 1943 मध्ये शिल्पाकोर्न विद्यापीठ निघाले. त्याची जयंती आजही तिथे साजरी होते. तो थाई शिकला, त्याने थाई विद्यार्थी घडवले, देशाच्या सार्वजनिक स्मारकांवर त्याचा हात फिरला. याउलट पंधरा वर्षे पट्टायाच्या उपनगरात आपल्याच देशबांधवांच्या वस्तीत राहून, थाई भाषेत जेवण मागवण्यापलीकडे न गेलेला निवृत्त माणूस जेव्हा समाज आपल्याला जवळ करत नाही म्हणतो, तेव्हा त्याच्याविषयी फार सहानुभूती वाटत नाही. थाई बोलण्यात समोरचा वयाने मोठा की धाकटा हे ठरल्याखेरीज त्याला काय म्हणून हाक मारायची तेच ठरत नाही. दादा-ताई म्हटल्याशिवाय ज्यांचे पान हलत नाही अशा आपल्याला हे लगेच उमगते. नात्याची ही भाषा ज्याने शिकून घेतली नाही, तो नात्याबाहेर राहिला याचे आश्चर्य कसले?

आपल्या लोकांचा अनुभव या दोन्हींहून वेगळा आहे. 2024 मध्ये थायलंडला गेलेल्या साडेतीन कोटींहून अधिक परदेशी पर्यटकांत सुमारे 21 लाख भारतीय होते. पण भारतीयांचे तिथले नाते पर्यटनाच्या कितीतरी आधीचे आहे. बँकॉकच्या देवस्थानातले राजब्राह्मण दक्षिण भारतातून गेलेल्या पूर्वजांचे वंशज. ते आज सर्वस्वी थाई आहेत. फाहुरातचा कापडबाजार शिखांनी वसवला, सिलोमचे मारिअम्मन मंदिर तमिळांनी बांधले आणि आता नवरात्रात तिथे दर्शनाच्या रांगेत थाई लोकच जास्त असतात. गणपती तर थाई कलाखात्याच्या बोधचिन्हावर विराजमान आहे, आणि चाचोएंगसाओ प्रांतात त्याची 39 मीटर उंचीची उभी मूर्ती आहे. एवढे असूनही साप आणि भारतीय एकदम दिसले तर आधी भारतीयाला मारावे, ही म्हण थाई माणसाला पाठ असते, आणि सावळ्या भारतीयाला दुकानात किंवा घर भाड्याने पाहताना ती कुठून आली असेल याचा अंदाज येतो. आपली दैवते त्यांनी घरात घेतली आणि आपल्याला ओसरीवर ठेवले, असे म्हणायला जीभ शिवशिवते. तरीही बँकॉकमधला मराठी अभियंता किंवा बँकेतला अधिकारी हा सुखवस्तू परका आहे. कंपनी त्याचे कागद सांभाळते, आणि नोकरी संपली की त्याला परतायला देश आणि घर आहे.

ज्यांना असे काही नाही, ते परके या चर्चेत येतच नाहीत. बँकॉकच्या नैर्ऋत्येला समुत साखोन प्रांतात महाचाई हे मासळीचे मोठे केंद्र आहे. तिथे कोळंबी सोलणारे, मासळी निवडणारे, डबाबंद कारखान्यांत उभ्याने पाळी भरणारे हात प्रामुख्याने म्यानमारच्या लोकांचे आहेत. देशभर म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमधून आलेले असे लाखो मजूर बांधकामावर, रबराच्या बागांत, होड्यांवर आणि लोकांच्या स्वयंपाकघरांत राबतात. दोन देशांतल्या कराराने आलेल्या मजुराला दोन वर्षांचा परवाना मिळतो, तो आणखी दोन वर्षे वाढतो, आणि मग त्याने मायदेशी जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. 2006-07 च्या सुमारास फुकेट आणि रानोंगसारख्या प्रांतांनी काढलेल्या फतव्यांनी या मजुरांना मोबाइल बाळगायला, दुचाकी चालवायला, रात्री घोळक्याने फिरायला मनाई केली होती. 2014 मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर धरपकडीच्या अफवेने दोन लाखांहून अधिक कंबोडियन काही आठवड्यांत सरहद्दीपार पळाले.

करोनाच्या वर्षातले दोन प्रसंग शेजारी ठेवले की सगळे चित्र स्पष्ट होते. 2020 च्या आरंभी आरोग्यमंत्री अनुतिन चार्नवीराकुल यांनी मुखपट्टी नाकारणाऱ्या गोऱ्या पर्यटकांविषयी चारचौघांत तोंडसुख घेतले. त्याची जगभर बातमी झाली आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाचाईच्या कोळंबी बाजारात साथ सापडली. पंतप्रधानांनी चोरट्या मार्गाने आलेल्या मजुरांना बोल लावला, आणि बाजार व त्यालगतच्या मजुरांच्या खोल्यांभोवती काटेरी तारा ओढून हजारो माणसे आत कोंडली गेली. त्यांची कुणी क्षमा मागितल्याचे आठवत नाही. परकेपणाला तिथे अशी उतरंड आहे, आणि ‘फरंग’ हा त्या उतरंडीच्या वरच्या पायरीवरचा परका आहे.

कायम रहिवासाचा मार्ग कागदावर आहे. प्रत्येक देशाच्या नागरिकांसाठी वर्षाला 100 जागा, आणि अर्ज मंजूर झाला की 1,91,400 बाट शुल्क. दिवसाची मजुरी 400 बाट धरली तर हे सुमारे 480 दिवसांचे वेतन झाले, तेही एक घासही न खाता. लिक्टेनस्टाइनला 100 आणि म्यानमारलाही 100, या समतेला न्याय म्हणता येणार नाही.

याच देशाने चांगले वागण्याचे उदाहरणही घालून दिले आहे. 2018 च्या जून-जुलैमध्ये चियांग राय प्रांतातल्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल संघातली 12 मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकला, तेव्हा नऊ दिवसांनी अंधारात पोहोचलेल्या ब्रिटिश पाणबुड्यांशी इंग्रजीत बोलला तो मुलगा म्यानमारच्या वा प्रदेशातून लहानपणी आलेला होता आणि कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. त्याच्यासह तीन मुले आणि प्रशिक्षक असे चौघे राज्यहीन होते. त्यांच्यासाठी सारा देश रात्री जागला; कुणी त्यांचे कागद विचारले नाहीत. ऑगस्टमध्ये त्या चौघांना नागरिकत्व मिळाले. समाजाने त्यांना आपले मानले होतेच. कागद मागाहून आले, आणि तेही जगाचे डोळे लागले होते म्हणून महिन्याभरात. त्याच डोंगरपट्ट्यातली बाकीची मुले वर्षानुवर्षे ताटकळत होती. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळाने सुमारे 4 लाख 83 हजार जुन्या रहिवाशांचा आणि त्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांचा नागरिकत्वाचा मार्ग सोपा करण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे. मात्र तो मुख्यतः डोंगरी जमातींच्या नोंदलेल्या लोकांसाठी आहे. महाचाईच्या मजुराच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. ते मूल थाई शाळेत जाऊ शकते आणि रोज सकाळी 8 वाजता झेंड्यासमोर राष्ट्रगीत म्हणते, जे नागरिकत्वाच्या अर्जदाराला अधिकाऱ्यांपुढे म्हणून दाखवावे लागते. पण त्याला अर्जापर्यंत पोहोचायला आधी कायम रहिवासी व्हावे लागते, आणि त्याच्या बापाच्या चार वर्षांच्या परवान्यातून तिथे जायला वाट नाही.

म्हणून मागणी करायची तर ती सरळ असावी. ठराविक वर्षे, समजा दहा, कायदेशीर काम करून सामाजिक सुरक्षा निधीत वर्गणी भरलेल्या कुणालाही देशवार कोट्याविना आणि ऐपतीच्या शुल्कात कायम रहिवास द्यावा, आणि थाई शाळेतून शिक्षण पुरे केलेल्या मुलाला नागरिकत्व. जमिनीवरचे निर्बंध हवे तर तसेच ठेवावेत. त्यामागची भीती खरी आहे आणि मजुराला समुद्रकाठचा बंगला नकोच आहे. यावर आक्षेप येईल की दार उघडले तर शेजारचे देश लोटतील. पण ती माणसे आलेलीच आहेत. ती नसतील तर मासळी सोलली जाणार नाही आणि इमारती उभ्या राहणार नाहीत, हे 2025 मध्ये सीमेवरच्या चकमकींनंतर कंबोडियन मजूर मोठ्या संख्येने परत गेले तेव्हा मालकांनीच बोलून दाखवले. 2024 मध्ये थायलंडमध्ये जन्मलेल्या बालकांची संख्या पाच लाखांच्या खाली गेली आहे, आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला हात लागणारच आहेत. असा कायदा झाला तर थाई बायकोसोबत दरवर्षी घराच्या पाटीपाशी उभे राहणाऱ्या परदेशी नवऱ्याचीही आपोआप सुटका होईल, पण रांगेत त्याचा नंबर कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या मागे असायला हवा.